कोयत्याशेजारची टोपी

माझा थोरला भाऊ लष्कराच्या कमांडो पथकात होता. गावातल्या वैशाखऱ्याच्या चहाच्या टपरीवर लोक त्या पथकाचा इतिहास मलाच रंगवून सांगायचे. दादा मात्र चकार शब्द काढत नसे. भाव खातोय मेला, असं वाटून माझं डोकं फिरायचं.

एका दसऱ्याला तो सुट्टीवर आला. आमच्याकडे त्या दिवशी कोयते, विळे धुऊन पुजतात. आईने त्यांच्याशेजारी त्याची पथकाची टोपी ठेवली आणि वर झेंडूचं फूल वाहिलं.

दादाने ते बघितलं आणि झटकन टोपी उचलली.

“आये, आमच्या पथकात जो परत येत नाय, त्याच्या टोपीला फूल वाहतात.”

“तू कुणाकुणाला वाहिलंस रे?” आईने विचारलं.

दादा खाली बसला आणि एकेक नाव सांगू लागला. आईने ताटातली उरलेली फुलं पदराखाली झाकली.