बाथरूममधली नागरी संरक्षण तालीम

२००३च्या फेब्रुवारीत टीव्हीवर दहशतवादी हल्ल्याचा नारिंगी इशारा झळकला. प्लॅस्टिक आणि डक्ट टेप आणून ठेवा, विषारी वायूचा हल्ला झालाच तर एका खोलीच्या फटी चिकटवून आत बसा, असं सरकारने सांगितलं. आम्ही अमेरिकेत हर्नडनला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. वॉशिंग्टन तासाभरावर. ऑफिसात सगळे या टेपवर विनोद करायचे आणि लंचच्या वेळात गुपचूप टेप शोधत फिरायचे.

आमच्या घरात एक माणूस मात्र या बातमीने टवटवीत झाला. माझे सासरे. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते आणि बर्फामुळे बाबांचं फिरणं बंद झालं होतं. दिवसभर खिडकीशी बसून ते कोण गाडी वाकडी लावतंय ते बघायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते बँकेच्या नोकरीवर पंजाबात, अगदी सरहद्दीवरच्या गावात होते. तिथे तोफगोळे पडायचे आणि बाबा गल्लीचे वॉर्डन होते.

बातमी संपली तसे ते उठले आणि मला म्हणाले, "कागद-पेन आण. यादी करू."

नवरा टेप आणायला गेला. तीन दुकानं पालथी घालून तो भडक गुलाबी टेपची दोन रिळं आणि बदकांची चित्रं असलेला शॉवरचा पडदा घेऊन आला.

"बाबा, एवढंच उरलं होतं."

बाबांनी टेप नखाने ओढून पाहिली. "रंगाशी काय करायचंय? चिकट आहे ना?"

खिडकी नसलेली खोली म्हणजे आमची एकुलती एक बाथरूम. बाबांनी फ्रिजवर नियम लावले. शिट्टी झाली की हातातलं काम टाकायचं. कानात कापूस घालायचा. दातांत रुमाल धरायचा.

"बाबा, हे गॅससाठी आहे," नवरा म्हणाला. "गॅसला कापूस कशाला?"

"गॅस असो नाहीतर गोळा, कापूस घालायचा!"

शनिवारी सकाळी अकराला तालमीची शिट्टी झाली. मी टबमध्ये उभी राहिले, नवरा माझ्या शेजारी, आई, म्हणजे सासूबाई, कमोडच्या झाकणावर बसल्या. बाबांनी दार लावून बदकांचा पडदा चारी बाजूंनी चिकटवला. फटीवर टेप, टेपवर टेप. मग वळून आमच्या डोक्यांना एकेक बोट लावत त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन. आणि स्वतःच्या छातीवर, चार. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"बाबा, आपण चारच आहोत," मी रुमालातून म्हणाले.

"मोजू दे त्यांना," आई म्हणाल्या. त्यांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला. "तिकडे पहिला भोंगा वाजला ना, तेव्हा हे शिट्टी फुंकत गेले. गल्लीतल्या एकूण एक घरातून माणसं काढली. म्हातारे काढले, कुणाची तरी शेळी काढली. सगळ्यांना खंदकात बसवलं. मी घरातच."

"म्हणजे?"

"म्हणजे विसरले मला! मी खाटेखाली."

बाबा पडद्यावरच्या एका बदकाकडे बघत म्हणाले, "गोळा मागच्या गल्लीत पडला. मग आठवलं. धावत आलो तर ही खाटेखालून विचारते, शेळी आली का खंदकात?"

आई हसल्या. नवरा हसला नाही. ही गोष्ट तोही पहिल्यांदाच ऐकत होता. मला एकदम बाबांचा हात धरावासा वाटला, पण त्या हातात टेप होती.

तेवढ्यात बाहेर कर्कश पीं पीं सुरू झालं.

"वा!" बाबांचा चेहरा खुलला. "भोंग्याची सोय कुणी केली?"

"अगंबाई," आई उठल्या. "शेंगदाणे!"

त्यांनी कुटासाठी शेंगदाणे भाजायला ठेवले होते आणि नियमाप्रमाणे हातातलं काम टाकून आल्या होत्या. धुराचा अलार्म वाजत होता. आत मात्र वासाचा मागमूस नव्हता, इतकं बाबांचं काम चोख. आता ती टेप निघेना. कात्री बाहेर होती. नखं मोडली, मग नवऱ्याने पडद्याला धरून हिसका दिला. पडदा निघाला, त्याच्याबरोबर चौकटीचा रंगही निघाला आणि नवरा टबमध्ये पडला.

घरभर धूर. मी शेगडी बंद करून दार उघडलं तर समोर अग्निशमन दलाचे दोन धिप्पाड जवान. खालच्या मजल्यावरच्या आजींनी फोन केला होता. त्यांच्यासमोर आम्ही चौघं, कानांत कापूस, नवऱ्याच्या केसांत गुलाबी टेप.

"सगळे ठीक?" एकाने विचारलं.

बाबा कानातला कापूस न काढता ओरडले, "व्हॉट?"

जवानांनी बाथरूममध्ये डोकावलं. एक जण बराच वेळ खोकला. धुराने नसावा. जाताना त्याने बाबांशी हात मिळवला आणि अलार्मची बॅटरी वेळेवर बदलता म्हणून आमचं कौतुक केलं.

दुपारी बाबांनी मला बरोबर घेऊन खालच्या आजींची माफी मागितली. त्या एकट्या राहायच्या, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी सगळा प्रकार सांगितला तशा त्या टाळ्या वाजवून हसल्या. त्यांच्या शाळेतही लहानपणी बॉम्बची तालीम व्हायची म्हणे. सगळ्या वर्गाने बाकाखाली शिरून मान हातांनी झाकायची.

"बाकाखाली?" बाबांनी मला मराठीत विचारलं. "कसं काय? विचार तिला."

सांगण्यापेक्षा करून दाखवणं आजींना सोपं वाटलं. त्या जेवणाच्या टेबलाखाली शिरल्या. बाबांना राहवेना, तेही शिरले. आजींनी त्यांची कोपरं नीट आत घेतली, मान आणखी खाली दाबली. दोघंही शहाण्या मुलांसारखी बसली. मग दोघांच्याही लक्षात आलं की आता गुडघे उलगडत नाहीत.

मी धावत वर जाऊन नवऱ्याला बोलावलं. मागोमाग आई आल्या. आधी आजींना ओढून काढलं, मग बाबांना. बाबांनी पँट झटकली आणि ते आजींना गंभीरपणे म्हणाले, "गुड टेबल. व्हेरी स्ट्राँग."