गाडी भरली, माणूस उपाशी!

पेट्रोल भरताना कुणी कुणाशी बोलतं का? नाय. झाकण उघडलं, भरलं, निघाला! पण गाडी चार्जिंगला लावली की भल्याभल्यांची जीभ सुटते. आधी फोन बघतात, मग आभाळ बघतात, मग माझ्याकडं बघून विचारतात, "काय वहिनी, आज काय स्पेशल?" तिथनं जे सुरू होतं ते घरातल्या भांडणापर्यंत जाऊनच थांबतं. असे किस्से इतके साठलेत, की एखाद्या दिवशी गिऱ्हाईक नसलं तरी मी आणि माझी नणंद कमळ तेच ते एकमेकींना सांगून पोट धरून हसतो.

आमचं हाटेल वडखळच्या पुढं, नागोठण्याच्या अलीकडं, हायवेला लागून. आमचे हे कंपनीत शिफ्टला जायचे तेव्हा मी एका शेगडीवर चालू केलेलं. आधी चहा-भजी, मग थाळी, मग मासे. कमळ खारेपाटात दिलेली, ती रोज येते. भाकरी थापावी तर तिनंच! पुढं यांनी नोकरी सोडली आणि एका चार्जिंगवाल्या कंपनीला धरून अंगणात मशीन उभं केलं. मी म्हटलं, "इथं एसटी थांबायला तयार नाय, आणि तुम्ही कोटीच्या गाड्या थांबवणार?"

हे म्हणाले, "तू बघच गो!"

*

पहिली मोठी गाडी आली ती ऐन मे महिन्यात. काळीकुळकुळीत, लांबलचक, दाराची मूठसुद्धा आपोआप बाहेर येणारी! आम्ही सगळे हातातली कामं टाकून बघायला उभे. दार उघडलं, आणि आतून चार माणसं घामानं निथळत उतरली. मुंबईचे एक सर्जन, त्यांची बायको, आई आणि मुलगी. मुलगी पावडरच्या डब्याच्या झाकणानं वारा घेत होती.

मी विचारलं, "एसी बिघडला काय?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. "एसी लावला की रेंज कमी दाखवते. पोचू की नाही या भीतीनं पनवेलपासून बंदच ठेवलाय."

कमळ माझ्या कानाशी लागली, "वयनी, आमच्या टमटममध्ये वारा तरी लागतो!"

तेव्हाचं मशीन हळू आणि गाडीही हळू घेणारी. अख्खी दुपार जायची. मी ओट्यावर बिरड्याचे वाल सोलत बसलेली. मोड आलेले, भिजवलेले, एकेक करून सालातून काढायचे. डॉक्टरांची आई येऊन शेजारी बसली, मग बायको, मग मुलगी. शेवटी डॉक्टरही बसले. काय सांगू, एक डाळिंबी मोडली नाय त्यांच्या हातून! ऑपरेशनची बोटं ती!

मग आमच्याकडं पद्धतच पडली. गाडी लावा, बसा सोलायला. माझं बिरडं फुकटात सोलून व्हायचं, आणि लोकांचा वेळही जायचा. एकानं तर इंटरनेटवर आमच्याबद्दल लिहिलं, "चार्जिंग फार स्लो. पण वाल छान सोलून होतात!"

*

मग एक तरुण पोरगा आला, लाल गाडी घेऊन. बसकी इतकी, की आत बसायला आधी वाकायचं, मग घरंगळायचं. उतरल्या उतरल्या आम्हा दोघींना म्हणतो, "काकी, तीन सेकंदात शून्य ते शंभर!"

कमळ भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं. आन् वडखळचा खड्डा किती सेकंदात?"

त्याचा मित्र मागून हसायला लागला. म्हणाला, "मावशी, खड्डे आले तेव्हा हा उतरून गाडीच्या पुढं चालत होता. डावीकडं घे, उजवीकडं घे, पोट घासतंय, थांब! गाडी मी आणली."

कमळनं भाकरी तव्यावर टाकली. "मंग शंभर तुझे पाय पळतात काय रे?"

*

पुढं सगळं बदललं. कंपनीनं जुनं मशीन काढून भलंमोठं नवं लावलं, आणि गाड्याही अशा यायला लागल्या की वीज प्यायच्या म्हणजे काय, घटाघटा!

पुण्याचं एक जोडपं आलं. गाडी लावली, हात धुतले, पापलेटची दोन ताटं सांगितली. नवरा म्हणाला, "सावकाश होऊ द्या, आम्हाला अजिबात घाई नाही."

मी सावकाश केलं. मसाला लावला, मुरू दिला, तवा तापवला. पापलेटची एक बाजू झाली, परतलं, आणि त्याचा फोन वाजला. टिंग!

"अरेच्चा, झालीसुद्धा!"

मागं दुसरी गाडी नंबर लावून उभी. तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. बिचारा नवरा उठला, बायको उठली. मी ताटं घेऊन बाहेर येते तर हा कोरडी भाकरी हातात घेऊन गाडीकडं चाललेला, आणि मान मागं वळवून पापलेटकडं बघतोय!

आमचे हे मशीनपाशी खूश. "बघितलंस गो? कशी भरली गाडी!"

माझं टाळकंच फिरलं. "गाडी भरली, माणूस उपाशी! आता हे पापलेट घाला तुमच्या मशीनला!"

हसताय काय? मला तेव्हा हसू येत नव्हतं. थाळ्या पडून राहायला लागल्या. वाल सोलायला माणूस मिळेना, मीच एकटी सोलत बसायची. आणि त्यातच कंपनीचा निरोप आला. यांनी जेवताना मान खाली घालून सांगितला. आता कुणी जेवायला थांबत नाय, तर किचन पाडून तिथं आणखी मशीनं लावायची, आणि काचेच्या खोलीत कॉफीचं यंत्र. नायतर आहे ते मशीनही उचलून पुढच्या हाटेलला देतो. मोठे साहेब स्वतः येऊन बघणार आणि ठरवणार.

मी विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

हे म्हणाले, "मी काय म्हणणार?"

रडले मी. भाताच्या वाफेत रडलं की कुणाला कळत नाय. एका शेगडीपासून उभं केलेलं माझं किचन, आणि ते पाडायचं ते कॉफीच्या यंत्रासाठी! रडून झालं, डोळे पुसले, आणि कमळला म्हटलं, "गाडी फास्ट झाली ना? मग आपण पण होऊ!"

*

दुसऱ्याच दिवशी हायवेला बोर्ड लावला, "कर्नाळा उतरलात की फोन करा. ताट तयार." गोव्याकडून येणाऱ्यांना सांगितलं, कोलाडहून करा. गाडी वळली की भाकरी तव्यावर, दार वाजलं की ताट टेबलावर!

पहिले सापडले रोह्याचे एक शेठ. धाटावला कारखाना, पोट चांगलं सुटलेलं, आणि गाडी नवीकोरी. कर्नाळ्यातून फोन आला. गाडी आली, वायर लागली, शेठ बसले, आणि समोर बिरडं, भाकरी, बोंबील, सोलकढी. शेठ बघतच राहिले!

आमच्या यांना काय सुचलं कोण जाणे, मशीनवरचे टक्के वाचून ओरडायला लागले, "चाळीस!"

आतून कमळ, "दुसरी भाकरी!"

"पन्नास!"

"भात वाढला!"

"साठ!"

बाकीची गिऱ्हाइकं उठून उभी! शेठही पेटले. भात कालवला, कढी ओढली. हे "पासष्ट!" म्हणाले आणि शेठनी असा ढेकर दिला, की बाहेर मशीनपर्यंत ऐकू गेला. कमळ अंगणात जाऊन नाचायला लागली, "हारली! गाडी हारली!"

शेठनी बडीशेप तोंडात टाकली, मशीनकडं एक नजर टाकली आणि आमच्या यांना म्हणाले, "कंपनीला कळवा हो. मशीन जरा स्लो आहे!"

महिनाभरात आमची टेबलं भरायला लागली. मी परत ताठ मानेनं वावरायला लागले. पण साहेब यायचे होते ते होतेच.

*

गणपतीच्या आधी चिपळूणचं एक कुटुंब पेणला मूर्ती न्यायला आलं. जाताना आमच्याकडं गाडी भरली. लेक गाडीचा मालक, आणि म्हातारी आई मागच्या सीटवर. लेक सारखा गाडीतल्या पडद्यावरचे आकडे बघत होता. "परत जाताना पुन्हा भरावी लागेल. ही पळते चांगली, पण खाते फार!"

दुपारी परत आले. आजीच्या मांडीला टेकून बाप्पा बसलेले, तोंडावर रुमाल. आजीनं दोन्ही हातांनी मूर्ती धरलेली. हे वायर घेऊन पुढं झाले, तर लेक म्हणाला, "थांबा हो, थांबा! चमत्कार झालाय! पेणपासून इथवर आलो तर रेंज कमी व्हायच्याऐवजी वाढली! हा बघा पडदा! चिपळूण गाठूनसुद्धा उरेल. बाप्पानं रेंज वाढवली!"

आमच्या यांनी हात जोडले. कमळनंही जोडले.

मागून आजीचा आवाज आला, "बाप्पानं काय नाय वाढवली! मूर्तीच्या भीतीनं आज पहिल्यांदा माणसासारखी चालवलीस मेल्या!"

*

साहेब आले ते थंडीत. वालाच्या शेंगा नुकत्या भरलेल्या. कंपनीची सगळ्यांत नवी गाडी घेऊन आले. सोबत एक इंजिनिअर मुलगी, हातात मोजायची टेप. गाडी मशीनला लावली आणि साहेब अंगणात उभे राहून आमच्या यांना समजवायला लागले.

"हे बघा, माणूस थांबतो कशाला? ऐंशी टक्के झाले की निघायचं. ऐंशीच्या पुढं बॅटरी फार हळू घेते. वरचे वीस भरत बसणं म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी. शहाणा माणूस बसत नाही. आता सांगा, किचन हवंय कशाला?"

मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, आधी जेवून तर बघा."

"वहिनी, पनवेलला मीटिंग आहे. वेळ नाही," साहेब म्हणाले. ती मुलगी किचनमध्ये शिरली आणि टेप सोडून भिंत मोजायला लागली. माझी भिंत! हे खांबाला टेकून उभे. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून धूर आला. त्या दिवशी कमळनं मागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली होती. आमच्या कामावरच्या माणसांसाठी, वर्षातली पहिली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेली कोंबडी, अंडी. पाण्याचा थेंब नाय. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवलेला. तो भांबुर्ड्याचा वास एकदा सुटला की सुटला!

साहेब बोलता बोलता थांबले. नाक वर केलं. "हे काय आहे?"

कमळ म्हणाली, "पोपटी. आमची घरची हाय. गिऱ्हाइकाला नाय."

साहेब मागं गेले. जाळाशी उभे राहिले. मग तिथल्या उपड्या टोपलीवर बसले. "किती वेळ लागतो?"

"ते मडक्याला विचारायचं."

"म्हणजे?"

कमळनं हाताची बोटं पाण्यात बुडवून मडक्यावर शिंपडली. पाणी गपचूप ओघळलं. "चर्र वाजलं की झालं. नाय वाजलं."

साहेब कोट काढून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आता बघा." कमळनं शिंपडलं. नाय वाजलं. "घाई करून चालत नाय साहेब. आत कच्चं राहतं." साहेबांनी मान हलवली. त्यांच्याकडं बघून मलाच वाटलं, यांना कुणी वर्षानुवर्षं कुठं बसूच दिलेलं नाय.

आणि त्यांचा फोन वाजला. टिंग!

ती मुलगी किचनमधून टेप तशीच लांब सोडलेली घेऊन धावत आली. "साहेब, ऐंशी झाले! निघू या? माझं मोजूनही होत आलंय."

मी दारात, हातात डाव. हे माझ्या मागं.

साहेबांनी फोन बघितला. मडकं बघितलं. मग कमळला खुणेनं विचारलं. कमळनं पुन्हा पाणी शिंपडलं. नाय वाजलं.

साहेबांनी फोनवरच्या ऐंशीच्या खुणेवर बोट ठेवलं आणि ती हळूच वर सरकवली.

मुलीनं वाकून बघितलं. "साहेब... शंभर?"

साहेबांनी फोन खिशात टाकला. "ती टेप गुंडाळ आधी. आणि बस इथं."