नेलच्या टगबोटी

शिरीष आठल्ये वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला फाडून खाल. पंधरा वर्षं रायस्वाइकला राहतो, रॉटरडॅमच्या एका शिपिंग कंपनीत कंटेनरांचं सॉफ्टवेअर सांभाळतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दोष एकच, माणूस कमालीचा भिडस्त. समोरच्याला 'नाही' म्हणायची वेळ आली की याच्या घशाला कोरड पडते. पुण्यात असताना प्लंबरने उलटा नळ बसवला, तर याने 'छान झालं' म्हणून त्याला चहा पाजला आणि पुढे वर्षभर घरातले सगळे गरम पाण्यासाठी थंडाचा नळ फिरवत बसले. बरं, नशिबाने येऊन पडला कुठे, तर जगातल्या सगळ्यात तोंडफटकळ लोकांच्या, डचांच्या देशात. भीड ही भिकेची बहीण, असं त्याची आई म्हणायची. शिरीषच्या बाबतीत ती त्याहून वाईट कुणाची तरी बहीण निघाली.

शेजारी योप नावाचा म्हातारा राहायचा, ऐंशीला टेकलेला. बायको नेल जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शिरीष आणि त्याची बायको शलाका नवीन होते तेव्हा सायकलचं पंक्चर काढण्यापासून कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा इथपर्यंत सगळं त्यानेच शिकवलं. मृण्मयी जन्मली ती इथेच, आणि तिचे आजी-आजोबा पुण्यात, फोनच्या पडद्यावर. त्यामुळे अंगाखांद्यावर खेळायला तिला हाच एक ओपा. ओपा म्हणजे आजोबा. उन्हाळ्यात संध्याकाळी हा ओपा कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला, की गोष्ट ठरलेली, रॉटरडॅम टगबोट्सची.

टगबोट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंगावर चिलखत आणि डोक्यात हेल्मेट घालून, एका अंडाकृती चेंडूपायी एकमेकांवर रेड्यासारखे आदळतात, तो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या अमेरिकन गाड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं की इथे पगारी खेळाडूंचा संघ काढायचा. योपच्या म्हणण्याप्रमाणे देशातला पहिला. खेळाडू म्हणजे गोदीतले कामगार, दोन शाळामास्तर आणि पीट नावाचा एक खाटीक. गोलचे खांब जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातून वेल्डिंग करून आणलेले. नियम प्रेक्षकांना कळत नसत, पंचांनाही बेताचेच कळत, म्हणून एक माणूस कर्ण्यावरून दर डावाला नियम समजावून सांगायचा आणि सामना संपेपर्यंत सगळ्यांत जास्त तोच दमायचा. पहिल्या वर्षी पगार मिळाले. दुसऱ्या वर्षी पगाराऐवजी गाड्यांचे टायर मिळाले. तिसऱ्या वर्षी मालकच मिळेना. शेवटचा सामना एका जर्मन संघाशी झाला, तोही असल्या दाट धुक्यात की कोण जिंकलं यावर दोन्ही बाजूंचं आजतागायत एकमत नाही. त्यानंतर टगबोट्स जे बुडाले ते बुडालेच.

योप स्वतः खेळाडू नव्हता. तो सामान सांभाळायचा, तुटलेले पट्टे शिवायचा, हेल्मेटं पुसून ठेवायचा. छापील चिन्हं परवडत नव्हती, म्हणून नेलने प्रत्येक निळ्या हेल्मेटवर हाताने पिवळी टगबोट रंगवली होती, मोठमोठ्या जहाजांना ओढत बंदरात आणणारी ती बुटकी बोट. संघ मोडल्यावर त्या सामानाला कुणी वाली उरला नाही. योपने सगळं आपल्या अंगणातल्या शेडमध्ये आणून ठेवलं. ही सगळी कथा तो दर वर्षी पहिल्यापासून सांगायचा आणि शिरीष भिडेपोटी तासतासभर उभा राहून मान डोलवायचा. मान डोलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. पण ते म्हाताऱ्याला काय माहीत?

मग योपचं कमरेचं हाड मोडलं आणि त्याला घर सोडून झूटरमेरला, म्हाताऱ्यांसाठी असतात तसल्या एका खोलीच्या जागेत जावं लागलं. जाताना त्याने टगबोट्सच्या दोन पेट्या, हेल्मेटं आणि खांद्याच्या गाद्या, शिरीषच्या शेडमध्ये ठेवायला दिल्या. नेलच्या हातचं एवढंच उरलंय, म्हणाला. शिरीषने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि निर्धास्त राहा म्हणून सांगितलं. त्या घटकेला ते त्याच्या मनापासूनचं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत इथल्या मराठी मंडळाने शिवजयंतीला मुलांचं नाटक बसवलं. किल्ल्याचा वेढा, तलवारबाजी, सगळं काही. मावळ्यांची मुंडाशी झाली, शेले झाले, पण शत्रूसैन्याला शिरस्त्राणं कुठून आणायची? पुण्याहून मागवावीत, तर विमानाच्या सामानात मावेनात. मंडळाच्या सेक्रेटरी संपदाताई बैठकीत डोक्याला हात लावून बसल्या. आता इतक्या वर्षांत मंडळाला शिरीषकडून काय लागायचं? खुर्च्या लावायला लागायचा, खुर्च्या उचलायला लागायचा. त्याचं मत कुणी विचारलेलं कुणाला आठवत नाही. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, 'माझ्याकडे आहेत.' सगळ्या माना वळल्या. संपदाताईंनी तर उठून हातच जोडले. झालं! त्यानंतर 'थांबा, शेजाऱ्यांना विचारून सांगतो' असं म्हणायला जी छाती लागते, ती या गृहस्थाकडे कधीच नव्हती.

शलाकाने घरी आल्याआल्या विचारलं, योपला विचारलंस का? हा म्हणाला, हो. बायकोशी असलं धडधडीत खोटं तो पहिल्यांदा बोलला, आणि इतकं सहज बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

शनिवारी अंगणात पेपर पसरून त्याने हेल्मेटं ओळीने मांडली. निळं शिरस्त्राण शोभणार कसं? त्याने दुकानातून चंदेरी स्प्रे आणला आणि फस्स फस्स करून दहा मिनिटांत सगळ्या ओळीवर मारला. संपदाताई फोनवर फोन करत होत्या, रंगीत तालमीची वेळ झाली होती. पिवळं काहीतरी झाकलं जातंय हे त्याला दिसत होतं. आपण काय करतोय हेही कळत होतं. पण बोट काही त्या स्प्रेवरून उचललं गेलं नाही.

नाटक दणक्यात झालं. ती चंदेरी डोकी आणि आतल्या खांद्याच्या गाद्यांमुळे रुंद झालेले ते चिमुकले सरदार पाहून हॉल टाळ्यांनी दणाणला. संपदाताईंनी शिरीषला स्टेजवर बोलावून नारळ दिला. खोटं कशाला बोला, त्याला त्या दिवशी फार बरं वाटलं.

आणि एप्रिलमध्ये योपचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह. टगबोट्समधले जे अजून हयात होते, ते सगळे रॉटरडॅमच्या एका क्लबच्या कँटीनमध्ये जमणार होते. योपने ठरवलं होतं की ज्याचं हेल्मेट त्याला परत द्यायचं. 'आपल्यानंतर या वस्तूंना कोण विचारणार? तू घेऊन ये,' तो म्हणाला, 'मी सगळ्यांना सांगितलंय, माझा शेजारी म्हणजे सोन्यासारखा माणूस.' शिरीष 'हो हो, आणतो' म्हणाला आणि फोन ठेवून तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला.

त्याला तसा बसलेला पाहून शलाकाने खोदून विचारलं, तेव्हा तिला खरं कळलं. ती चिडली नाही. अजून वेळ गेलेली नाही, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग, एवढंच म्हणाली. हा सांगतो म्हणाला आणि गेला कुठे, तर थिनर आणायला. फडक्याने घासायला लागला, तर चंदेरी रंग आला, आणि त्याच्याबरोबर पिवळी बोटही आली. फडक्यावर नुसता राडा. दुसरं घेतलं, तेच. तिसरं हळुवार, अगदी बाळाचं तोंड पुसावं तसं पुसलं, तरी तेच. माणसाने इथे तरी थांबावं! पण नाही. त्याने सगळी हेल्मेटं घासून कोरी निळी केली आणि मृण्मयीला हाक मारली.

मृण्मयी अकरा वर्षांची, चित्रकलेत हात चांगला. योपकडच्या एका जुन्या फोटोची प्रत शिरीषच्या फोनमध्ये होती. लांबून काढलेला होता, तरी त्यात एका हेल्मेटवरच्या बोटीचा आकार ओळखू येत होता. त्यावरून बघून सगळ्यांवर काढ, असं त्याने सांगितलं. ओपाला हे माहीत आहे का, तिने विचारलं. त्याच्यासाठी सरप्राइज आहे, तू बोलू नकोस, असं म्हणून बापाने वेळ मारून नेली. पोरीने जीव ओतून बोटी काढल्या. त्यांच्याकडे बघताना शिरीषला अन्न गोड लागेना. आपण केलं ते केलंच, आता त्यात लेकीचे हातही भरवले, हे त्याला कळत होतं. लाज इतकी वाटत होती की आरशासमोर दाढी करताना तो मान खाली घालायचा. आणि तरीही ठरल्या दिवशी त्याने पेट्या गाडीत टाकल्या, मृण्मयीला शेजारी बसवलं आणि निघाला.

कँटीनमध्ये सत्तरी ओलांडलेले आठ-दहा म्हातारे होते. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात यंत्र. योपने उठून शिरीषला मिठी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ॲपल पायचा सर्वांत मोठा तुकडा त्याच्यापुढे आला. पेट्या उघडल्या तशी म्हाताऱ्यांनी पोरांसारखी झुंबड उडवली. दोन मिनिटं आनंदीआनंद होता. मग एकेकाचे हात थांबले. जो तो हेल्मेट उलटसुलट फिरवून बघायला लागला.

'माझं मांजर कुठंय?' पीट खाटकाने विचारलं.

दुसऱ्याने चष्मा शोधला, तिसऱ्याने धूर, तेव्हा शिरीषला कळलं. नेलने सगळ्या बोटी सारख्या काढलेल्याच नव्हत्या. पीटच्या दुकानात मांजरांचा राबता, म्हणून त्याच्या बोटीवर मांजर. मास्तरांच्या बोटीला चष्मा. सतत विड्या ओढणाऱ्याच्या बोटीला केवढा तरी धूर. प्रत्येकाची बोट निराळी, त्यावरूनच आपलं हेल्मेट ओळखायचे. हे योपने कुंपणापाशी किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

योपने पीटच्या हातातलं हेल्मेट डोळ्यांजवळ नेलं. बोटीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मांजर होतं ना रे, त्याने पीटला विचारलं. चाळीस वर्षं मी लोकांना मांजराची गोष्ट सांगतोय. नेल माझ्यासमोर बसून ते काढत होती. का ते नव्हतंच? डॉक्टर हल्ली काहीबाही म्हणतात, मला वाटलं म्हातारपण आहे, चालायचंच. पण मी नेलचंसुद्धा विसरायला लागलो की काय? पीटला त्याची दया आली. तो म्हणाला, अरे, माझाच घोळ होत असेल.

आणि शिरीषच्या मनात काय आलं सांगू? त्याच्या मनात आलं, सुटलो. म्हाताऱ्याची आठवण गेली असं सगळ्यांनी धरलं, तर आपण सुटलो. पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची अशी शिसारी आली की वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. पण तोंड मात्र उघडलं नाही.

मृण्मयी त्याच्या शेजारी उभी होती. घरात मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर देणारी ही मुलगी. तिने ओपाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि हळू आवाजात, एकेक शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, 'बाबा, तू सांग. नाहीतर मी सांगते.'

तिथे कुणाला कळू नये म्हणून मराठीत. बापाची तेवढी अब्रू तिने अजून झाकून धरली होती.

शिरीष उभा राहिला. मोडक्यातोडक्या डचमध्ये त्याने सगळं सांगितलं. नाटक, चंदेरी रंग, थिनर, फडकं. बोटी माझ्या मुलीने काढल्या, तिचा काही दोष नाही, मी तिला फसवलं, हेही सांगितलं. जिने इतके दिवस सरप्राइज समजून रंगवलं, ती पोर खाली मान घालून बुटांच्या नाड्यांकडे बघत होती.

आधी योपचा चेहरा सैल झाला. 'म्हणजे मांजर होतं,' तो पीटला म्हणाला. मग त्याने शिरीषकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

'विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं,' तो म्हणाला. 'मुलांच्या हनुवटीखाली पट्टे बांधायला मी स्वतः आलो असतो.'

शिरीषला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात योपने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या मनगटाला धरून त्याला जवळ बसवलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदम आशा दिसली. तो म्हणाला की त्या पेट्या आम्ही किती वर्षांत उघडल्याच नव्हत्या, फोटो आहेत ते सगळे लांबून काढलेले. नेलच्या बोटी शेवटच्या पाहिलेला माणूस तूच. तुझ्याच हातांतून गेल्या त्या.

'सांग ना,' योप म्हणाला. 'ते मांजर बसलेलं होतं की उभं?'

सगळे म्हातारे पुढे झुकले. 'बसलेलं' हा शब्द शिरीषच्या अगदी ओठांवर आला होता. म्हटला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि खरं-खोटं करणारं या जगात कुणी उरलं नव्हतं. मृण्मयीने मान वर केली होती.

'माहीत नाही,' शिरीष म्हणाला. 'मी बघितलंच नव्हतं.'