वरची बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. मारेगावच्या कॉलेजात मुलं मला संशोधन केलेल्या मॅडम म्हणतात, आणि मी मुकाट ऐकून घेते.

आधी थोडं शिकवते, सवयच आहे. शरीरात पेशींचा पडदा तयार होताना प्रत्येक पेशीला आपली वरची बाजू कुठली, खालची कुठली, हे ठरवावं लागतं. वरच्या बाजूचं एक एन्झाइम काही प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं. ते चिकटलं की प्रथिन वर टिकत नाही, खाली सरकतं. मी फळमाशीमध्ये हिरवं चमकणारं असं प्रथिन घातलं, ज्याला फॉस्फेट चिकटूच शकत नाही. ते वरच राहायला हवं होतं, तरीही खालीच सापडलं — निदान मी तसं छापलं. कौतुक झालं, डॉक्टरेट मिळाली.

पण खालची बाजू मी ओळखली कशावरून? माशीच्या अळीतले, पुढे पंख होणारे पेशींचे तुकडे काचेवर कसेही पडत. फोटो काढला की मी तो संगणकावर फिरवायची — हिरवं चमकणारं प्रथिन खाली येईल असा. आणि मग लिहायची, प्रथिन खाली आहे. हसू येतं ना? मला येत नाही.

माझ्यामागून प्रयोगशाळेत सविता आली. मुकुटबनची, आपल्याकडची, म्हणून मला ताई म्हणायची. माझाच प्रयोग पुन्हा करताना तिनं पेशीची वरची बाजू आधी वेगळ्या रंगानं रंगवली. तिच्या फोटोंत प्रथिन कुठे वर, कुठे खाली, कुठे चहूकडे. पाहताक्षणी मला माझी चूक कळली. तिथवर ती चूकच होती. पुढचं मी जाणूनबुजून केलं.

"ताई, माह्याच हातानं काहून नाही होऊन राह्यलं?" तिनं विचारलं.

हात बसू दे, म्हटलं मी. आमच्या मार्गदर्शक सरांनाही सांगितलं, तिचा हात कच्चा आहे. बिचारीला ते खरं वाटलं. तिनं संशोधन सोडलं, गावी परतली, लग्न झालं.

परवा बाजारात भेटली. मुलगी दहावी झाली, हुशार आहे, सायन्सच घेते म्हणते. "मी नाही म्हणलं तिले," सविता म्हणाली. "आपल्या हातात नाही ना ते, ताई." आणि हसली. मी — मी भाजीचा भाव विचारत राहिले.

रविवारी मुकुटबनला जाणार आहे, मुलगी घरी असेल तेव्हा. तिथूनच सरांना फोन लावीन, दोघींसमोर. शोधनिबंध मागे घेतला जाईल, डॉक्टरेटही जाईल कदाचित. जाऊ दे. सविताचा हात कधीच कच्चा नव्हता, हे तिच्या मुलीनं माझ्या तोंडून ऐकायला हवं.