आईची बीजिंगमधली मैत्रीण

मी वागळे इस्टेटमध्ये पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, ह्या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचून आजवर हसलोच आहे. तरी हे लिहितोय, कारण मी स्वतः तिथे होतो.

गेल्या ऑक्टोबरात कामासाठी बीजिंगला गेलेलो. बाबांना जाऊन वर्ष झालेलं, आई वर्तकनगरच्या फ्लॅटमध्ये नुसती गप्प बसून असायची... म्हणून तिलाही नेलं. रविवारी दुपारी आमची गाईड, लिन, आम्हाला जुन्या शहरातल्या गल्ल्या दाखवत होती. राखाडी विटांच्या भिंती, लाल दारं, आत चौक आणि चारी बाजूंना खोल्या. मी फोटो काढत राहिलो, वळून बघतो तर आई नाही.

वीसेक मिनिटं आम्ही दारोदार शोधत फिरलो. शेवटी एका चौकात सापडली — बोराच्या झाडाखाली, एका चिनी आजींबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. आई मराठीत बोलत होती, आजी चिनीत. एकीचं संपलं की दुसरी उत्तर द्यायची. मला गंमत वाटली.

निघताना आजी लिनशी काहीतरी बोलल्या. लिन जरा घुटमळली, मग मला इंग्रजीत म्हणाली की आजी म्हणतायत, आईला जपा. तिची पहिली मुलगी दीड वर्षाची असताना गेली, ते दुःख तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय, मी एकुलता एक आहे. तेव्हा आजींनीच नाव सांगितलं. नीला.

आईने मान खाली घातली.

हॉटेलवर आल्यावर तिने सगळं सांगितलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट, डोंबिवलीतली भाड्याची खोली, दोन दिवसांचा ताप. बाबांना सहन व्हायचं नाही म्हणून दोघांनी तिचं नाव काढणंच बंद केलेलं.

मी विचारलं, "पण आई, त्यांना कळलं कसं? तू तर मराठीत बोलत होतीस."

"त्यापण मराठीतच बोलत होत्या की," आई म्हणाली. "जरा कोकणातल्यासारखा हेल होता."

मी लिनला फोन केला. ती म्हणाली, आजींना चिनीशिवाय कुठलीच भाषा येत नाही. उलट त्यांनीच तिला विचारलेलं, ह्या बाई इतकं छान चिनी कुठे शिकल्या?

 आई आता बोलते. काल सांगत होती, नीलाला वरणभात भरवायला तासभर लागायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी मला ताई मिळाली... कशी, ते विचारू नका.