तीसचं लेबल आणि सुमनमावशी

सुमनमावशी कुणाशीही बोलायला लागायच्या आधी त्याच्या मानेत हात घालायची. कपडा मागून उलटायची, आतलं लेबल बघायची आणि मगच "बस" म्हणायची. गल्लीतला नवा जावई असो, नाहीतर पोलिओचा डोस पाजायला आलेली बाई असो, सुटका नव्हती. "टाका वाकडाय," असा शेरा मारून ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवलेलं धागे कापायचं छोटं कटर काढायची आणि लोंबणारा दोरा उडवायची. एकदा रेशनच्या रांगेत तिनं आमच्या हेडमास्तरांची कॉलर उलटली. सरांनी हूं की चूं केलं नाही, कारण कटर त्यांच्या मानेपाशी होतं. आम्ही पोरांनी तो सोहळा डोळे भरून पाहिला.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये तिची खोली आमच्या खोलीच्या अगदी समोर, मध्ये फक्त एक गटार. जीन्सच्या कारखान्यातून शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे तिच्याकडे यायचे आणि ती घरच्या मशीनवर त्यांच्या कमरेत आतून मापाची लेबलं शिवायची. अठ्ठावीस, तीस, बत्तीस, लेबलांचा जो रोल कारखान्याचा सेठ देईल तो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा विजय आयटीआयला होता. अंगानं मावशी चांगली ऐसपैस. मशीनपुढच्या स्टुलावर ती बसली की स्टूल दिसेनासं व्हायचं. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा. ढुंगण आधी जन्माला आलं, पँट नंतर. कुणी कुणाच्या मापानं राहायचं, तुम्हीच सांगा."

मी शुभांगी, समोरच्या घरातली. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात माझी दहावी झाली होती आणि गल्लीतली पोरं माझ्या अंगावरून मला 'टेम्पो' म्हणायची. त्यातल्या दोघांना मी बदडलं होतं, पण नाव काही सुटत नव्हतं. अशात बदलापूरची आत्या आली आणि तिनं मला आयुष्यातली पहिली जीन्स दिली. आत्याचं प्रेम नेहमी टोमण्यात गुंडाळून यायचं. "तीसची घेतलीय मुद्दाम," ती म्हणाली. "कॉलेज सुरू व्हायच्या आत मावली पाहिजेस. चरबी उतरव जरा, नाहीतर उद्या तुला करून कोण घेईल?" जीन्स माझ्या मांड्यांपाशीच अडली. मी ती दारामागच्या खिळ्याला टांगली आणि ठरवलं की कॉलेजात जाईन तर हीच घालून, नाहीतर जाणारच नाही. पंधराव्या वर्षी असलं काहीही अगदी खरं वाटतं.

न जेवायचं म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालणार. म्हणून मी देवांना मध्ये घातलं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी आणि संकष्टी होत्याच. आई इतकी खूश झाली की गल्लीभर सांगत सुटली, "आमची शुभी देवाधर्माची झाली हो." वडील म्हणाले, "आठवड्यात वार किती असतात, तिला कुणीतरी सांगा," तर आईनं त्यांनाच गप्प बसवलं. उपाशी पोरीला आमच्याकडे कुणी रागवत नाही, तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवतात. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी यायची, फणीत केस यायचे, कुणी साधी हाक मारली तरी मी वसकन अंगावर जायची. रोज सकाळी मात्र खिळ्यावरची जीन्स चढवून बघायची. ती बोटभर वर सरकायची आणि तिथंच हटून बसायची.

मावशीला हे प्रकरण पटत नव्हतं. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि उपास तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली जुन्या धर्माबरोबरच सोडले होते. पण शेजारच्यांच्या उपासांवर तिचं बारीक लक्ष असायचं, कारण साबुदाण्याची खिचडी म्हणजे तिचा जीव की प्राण. एका एकादशीला आईनं तिच्यासाठी वाटीभर खिचडी माझ्याकडे दिली.

"तू खाल्लीस?" मावशीनं विचारलं.

"नको, उपास आहे."

तिचा घास हातातच राहिला. "शुभे, जन्म गेला माझा उपासवाल्या बायकांच्या शेजारात. उपासाला दोन वाट्या जास्त खातात त्या. खिचडीला नाही म्हणणारी मी पहिल्यांदाच बघतेय. हा कुठल्या देवाचा उपास, नाव सांग मला. मी बोलते त्याच्याशी." मी वाटी तिथंच टाकून पळाले.

मेच्या शेवटी मी बाजारातून एक पावडर आणली. डब्यावर एका गोऱ्या बाईचं सपाट पोट होतं आणि खाली पंधरा दिवसांचा वायदा. खरं तर उल्हासनगरात वाढलेल्या पोरीनं डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवायला नको. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत परदेशी शाम्पूच्या बाटल्या भरल्या जायच्या आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ठेवला. तीन दिवस पोट नळासारखं वाहिलं. चौथ्या दिवशी मावशीनं गठ्ठा सरकवायला हाक मारली. मी गठ्ठ्यापर्यंत गेले आणि त्याच्यावरच आडवी झाले.

शुद्धीवर आले तेव्हा मावशी मला मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत होती. "पडायला जागा बरी निवडलीस," ती म्हणाली. "चाळीस पँटींची गादी राजाला मिळत नाही." पण एक चमचा गिळायच्या आत तिचा दुसरा तोंडाशी यायचा. मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं, उपासांपासून पावडरीपर्यंत आणि पावडरीपासून खिळ्यावरच्या जीन्सपर्यंत. तोवर आई धावत आली होती. मावशी तिला म्हणाली, "आण बघू ती जीन्स."

जीन्स आली. मावशीनं सवयीनं कंबर उलटली आणि आतल्या लेबलावर अंगठा घासून बघितला. मग तिनं टेप घेतली, एकदा मोजलं, परत मोजलं.

"सव्वीस आहे ही," ती म्हणाली. "सव्वीसचा लॉट पडून होता, कोणी उचलत नव्हतं. सेठ बोलला, मार्केटमध्ये तीस मागतात, तीसचं लावून टाक. हा टाका माझाय शुभे. मीच लावलंय हे."

ज्या आकड्यापायी मी दीड महिना पाच देवांना राबवलं होतं, तो आकडा गटाराच्या पलीकडे बसून मावशीनं शिवला होता. मला हसावं की रडावं कळेना. मावशी पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता मलाच शिव्या देत राहिली. "येडी कुठली. आकडा सेठचा, अंग तुझं. मरायला निघाली होतीस सेठच्या आकड्यासाठी." मग तिनं कटर काढलं, लेबल उसवलं आणि दारातूनच गटारात भिरकावलं.

दुसऱ्या दिवशी ती आणि आई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, रक्त बघितलं. म्हणाल्या, वजन उंचीच्या मानानं थोडं जास्त आहे, पण ही वाढीची पोर आहे, हिला उपाशी ठेवायचं नाही. वजन आहे तिथंच राहिलं तरी उंची वाढेल तसं अंग जुळून येईल. न्याहारी चुकवायची नाही, डाळ, भाजी, चपाती, अंडं वेळच्या वेळी, कोल्ड्रिंक आणि वेफर्स रोज नको, तासभर अंग हलवायचं, रात्री नीट झोपायचं, आणि असली पावडर पुन्हा घरात आणायची नाही. "आणि हिचं ताट वेगळं वाढू नका. घरात सगळ्यांनीच असं खायचं." यात खरे हाल वडिलांचे झाले, कारण त्यांचा फरसाणाचा डबा माळ्यावर गेला. निघताना मावशीनं बाईंच्याही पांढऱ्या कोटाची कॉलर उलटली. "टाका सरळाय," ती आईला म्हणाली. "हिचं ऐकायला हरकत नाही."

त्याच संध्याकाळी मला बरोबर घेऊन ती कारखान्यात गेली आणि सेठपुढे गठ्ठा आपटला. "सेठ, आज से जो माप, वही लेबल. झूठा लेबल मैं नहीं लगाएगी."

सेठ तसा माणूस वाईट नव्हता. तो हसला. "अरे बाई, पँट है. दवा थोडी है?"

"मेरे गली में लडकी गिरी," मावशी म्हणाली आणि तिनं मला पुढं ढकललं. पडलेली लडकी म्हणून मी जमेल तेवढं दीनवाणं तोंड करून उभी राहिले. सेठनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

पुढचे तीन आठवडे मावशीकडे एकही गठ्ठा आला नाही. मशीनवर तिनं चादर टाकून ठेवली. त्या दिवसांत आई रोज दोन माणसांचं जास्त रांधायची आणि मावशी "डाळीला मीठ नाही" म्हणत जेवायची. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला तासभर चालवायला ती संध्याकाळी पाचला माझ्या दारात हजर असायची. "पोचवायला गठ्ठे नाहीत, तर मग कुठं जायचं?" मी विचारलं, तर म्हणाली, "पाय तर आहेत ना? चल." आम्ही कारखान्यापर्यंत चालत जायचो, ती सेठला दिसेल अशी दोन मिनिटं समोर उभी राहायची आणि आम्ही परत यायचो. रविवारी सकाळी नाक्यावर सिंध्यांचं दालपकवान, म्हणजे कडक पुरी आणि वर डाळ, तेही बाकावर बसून, चवीनं. मी आजूबाजूला बघत घाईघाईनं घास मारायला लागले की ती माझा हात धरायची. "चोर आहेस का? हळू खा. पोटाला कळू दे की आलंय." चौथ्या आठवड्यात सेठनं स्वतःच गठ्ठा पाठवला. इतका सरळ टाका त्याला दुसरीकडे मिळाला नव्हता. सोबत मापाप्रमाणे सगळे रोल होते, सव्वीसचासुद्धा.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी मी मावशीनं उरल्यासुरल्या कापडातून शिवलेली जीन्स घालून गेले. कमरेत लेबल नव्हतंच. "माप किती आहे हिचं?" मी विचारलं होतं. "बसता येतं ना? जेवता येतं ना? मग झालं माप," ती म्हणाली होती. मी बारीक कधीच झाले नाही. उंची वाढली, दम वाढला, आणि दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या कबड्डीत मला कोपऱ्यात उभी केली. टेम्पोनं एकदा पाय धरला की समोरची पोरगी मध्यरेषेपर्यंत पोचायची नाही. मावशी बघायला यायची आणि दोन्ही संघांच्या जर्सींची लेबलं बघून जायची.

विजयला नोकरी लागली आणि ते बदलापूरला, शिरगावात फ्लॅट घेऊन गेले. तिथं गटारं झाकलेली आहेत, अशी तिची तक्रार होती. दोन हजार नऊच्या थंडीत एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्याच तिचं हृदय थांबलं. मी पोचले तेव्हा तिला जमिनीवर ठेवलं होतं, अंगावर कोरी पांढरी साडी. बायका रडत होत्या. मी उशाशी बसले, आणि माझा हात आपसूक साडीच्या काठाकडे गेला. कोपऱ्यात दुकानाचं लेबल तसंच राहिलं होतं.

"विजय, कटर कुठाय?" मी हळूच विचारलं.

तिच्या गळ्यातून काढून मशीनवर ठेवलेलं कटर त्यानं आणून दिलं. मी लेबल उसवलं. शेजारची एक बाई रडायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"टाका?" विजयनं विचारलं.

"वाकडा," मी म्हणाले.

तो हसला, आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी लेबल मुठीत घेऊन खाली उतरले. सगळी गटारं झाकलेली होती. रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले, तेव्हा कुठं एक उघडं सापडलं, त्यात टाकलं आणि परत येऊन तिच्या पायाशी बसले.