ग्रहणाची कॅसेट

लग्नाआधीपासून मी औरंगपुऱ्यातल्या एका स्टुडिओत फोटो काढायचे. दिवाळीत सकाळी ग्रहण येणार म्हटल्यावर मी ठरवलं, फिल्म पुढं न सरकवता एकाच फोटोत नऊ सूर्य घ्यायचे, दर पाच मिनिटांनी एक. डोळा वेल्डिंगच्या काचेला लावला की घड्याळ कुठलं दिसायला? म्हणून कॅसेटवर माझाच आवाज भरून ठेवला. "तयार. तीन, दोन, एक. दाब."

मला तेव्हा पाचवा महिना होता. आदल्या दिवशी सासूबाई लासूरहून आल्या आणि पोटुशीनं ग्रहणात बाहेर पडायचं नाय, म्हणून बसल्या. आमचे हे चांगले बँकेत नोकरीला, शिकलेले. आईपुढं एक शब्द फुटला नाही. वर मलाच म्हणाले, "मी काढतो की. कॅसेट सांगतीच आहे सगळं."

सकाळी मला मधल्या खोलीत बसवलं. खिडकीला चादर, पाण्याचा घोट नाही. गच्चीवर माझा आवाज सुरू झाला. पहिला सूर्य झाला, दुसरा झाला. तेवढ्यात ग्रहण लागल्यावरची अंघोळ राहिली म्हणून सासूबाईंनी ह्यांना खाली बोलावलं, आणि हे आलेसुद्धा! टेप तशीच चालू. वरून मी सांगतेय, दाब. भिंतीपलीकडं न्हाणीत हे सावकाश तांब्यानं पाणी घेतायत. असं तीनदा झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

नंतर मोठ्या कौतुकानं म्हणाले, "राहिलेले तीन वर गेल्या गेल्या एकदम दाबून टाकले. नऊ भरले तुझे."

शाबास! सूर्य काय ह्यांच्यासाठी थांबला होता? फोटो धुतला तर दोन सूर्य, मग मोकळं आभाळ, मग तीन वेळा भाजलेला एक पांढराफटक गोळा. पुढचे कुणी बघावेत?

मुलगी धडधाकट झाली. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, सुनेनं ऐकलं म्हणून. त्यांच्यावरचा राग कधीच गेला, त्या त्यांच्या समजुतीनं वागल्या. ह्यांच्यावरचा अजून आहे, आणि राहणार. पण खरी आग होते ती वेगळ्याच गोष्टीनं. त्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर पडलं की समोर जिना, अकरा पायऱ्या. तीनदा माझ्याच आवाजानं मला बोलावलं, आणि मी चटईवर बसून राहिले.